सर्टिफिकेट तुझं, दुकान त्यांचं: नाव लावण्याआधी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०२१ ला डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका) पास झालीस, पाठोपाठ लग्न, सासर हिंगोली जिल्ह्यात सेनगावच्या अलीकडे, आणि त्या गडबडीत रजिस्ट्रेशन राहून गेलं. आता सासरे रस्त्यावरच्या गाळ्यात मेडिकल टाकतायत. गल्ल्यावर नवरा बसणार, तो बी. ए. झालेला, फार्मासिस्ट म्हणून नाव तुझं लागणार. तुला पुढं बी. फार्म. करायचंय. नणंद सध्या डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तू विचारतेस, रजिस्ट्रेशन कसं काढायचं, ते टिकवायचं कसं, आणि सासरचे म्हणतात तसं "नुसतं नाव लावलं तर काय होतंय?"

मी सेलूत सोळा-सतरा वर्षं स्वतःचं दुकान चालवते, त्याआधी दहा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांवर माझं नाव होतं. 'नाव होतं' असं मुद्दाम म्हणतेय, ते पुढं कळेल. तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी थोरली तुझ्याच वयाची आहे.

आधी एक गुंता सोडवू. आपल्याकडं दोन वेगळ्या कागदांना एकच शब्द आहे, 'लायसन'. "तिचं लायसन आलं का?" म्हणजे रजिस्ट्रेशन, आणि "दुकानाचं लायसन आलं का?" म्हणजे परवाना. रजिस्ट्रेशन माणसाचं असतं, ते महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल देतं, १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली. परवाना दुकानाचा असतो, तो एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, म्हणजे जिल्ह्याचे सहायक आयुक्त (औषधे). किरकोळ विक्रीला नमुना २० आणि २१, औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या १९४५ च्या नियमांखाली. पहिला कागद तुझ्या अंगाला चिकटलेला आहे. तू पुण्याला गेलीस, जॉब सोडलास, घरी बसलीस, तरी तो तुझाच. दुसरा त्या गाळ्याला चिकटलेला आहे. घरच्यांच्या बोलण्यात हे दोन्ही एक होतात आणि तिथंच बाईचं नुकसान सुरू होतं. "लायसन आपलंच आहे की" असं म्हणतात. दुकानाचं त्यांचं असेल, पण रजिस्ट्रेशनवर चूक लागली तर ती त्यांच्या नावावर लागत नाही.

आता रजिस्ट्रेशन. अर्ज कौन्सिलच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. ऑफिस मुंबईला मुलुंड पश्चिमेला, ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात. आमच्या वेळी देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर जायचं, पहाटे ठाण्याला उतरून लोकलनं मुलुंड, दहा वाजता दारात, आणि एखादा कागद कमी निघाला की पुन्हा संध्याकाळची गाडी. माझ्याकडं दहावीची मूळ सनद नव्हती, झेरॉक्स होती. तेवढ्यासाठी दुसरी फेरी झाली, आणि वडिलांनी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. आता तो त्रास कमी झालाय, पण मूळ कागद लागतातच: दहावी-बारावीच्या सनदा आणि गुणपत्रिका, टीसी, डी. फार्म.च्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, मंडळाचं डिप्लोमा सर्टिफिकेट, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, आधार, फोटो. सगळे रंगीत स्कॅन कर. मोबाइलनं तिरपा फोटो काढून टाकलास तर अर्ज त्रुटीत जातो आणि महिनाभर तिथंच पडून राहतो.

तुझ्या बाबतीत अडचण नावाची येणार, हे मी अर्ज न बघता सांगते. सनदा माहेरच्या नावाच्या, आधार लग्नानंतर सासरच्या नावाचं झालेलं. आपल्याकडं तर माहेरच्या नावातही गंमत असते, टीसीवर वडील 'रावसाहेब' आणि गुणपत्रिकेवर 'रावसाहेबराव'. सरळ मार्ग असा, की ज्या नावावर शिक्षण झालं त्याच नावावर रजिस्ट्रेशन काढायचं. आधार बदललेलं असेल तर विवाह नोंदणी दाखला जोड, आणि कौन्सिलला सासरचंच नाव लावायचं असेल तर राजपत्रात नावबदल करून मग. पण खरं सांगू? लावूच नकोस. मी बदललं, आणि आजही प्रत्येक ठिकाणी दोन नावांचा एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन फिरते.

ट्रेनिंगचं विचारलं नाहीस, म्हणून मीच विचारते. तुझ्या वेळच्या १९९१ च्या नियमावलीप्रमाणं दोन वर्षांच्या शिक्षणानंतर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण, तीन महिन्यांपेक्षा कमी नाही, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं देण्यात गेलेले असले पाहिजेत. कॉलेजनं, तू आणि दुकानानं भरायचे वेगवेगळे भाग असलेला तो लांबलचक फॉर्म आठवतोय ना? तू २०२१ ची, म्हणजे कोरोनाचा काळ. तेव्हा किती जणांनी मामाच्या मेडिकलचा शिक्का मारून फॉर्म भरला ते मला ठाऊक आहे. तुझाही तसाच असेल तर मी तुला ओरडणार नाही, पण एक कर. रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत हिंगोलीत एखाद्या चांगल्या मेडिकलवर तीन महिने उभी राहा. पगार नाही दिला तरी राहा. इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं हे पेपरात सगळेच लिहितात. उन्हाळ्यात सहा तास लाइट गेल्यावर त्या फ्रीजचं काय करायचं, हे काउंटरच शिकवतं.

कॉलेज फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं मान्य केलेलं हवं, हे तुझ्या बाबतीत ठीकच असणार. पण नात्यातल्या पोरांना सांग. "हजेरी नको, परीक्षेचं आम्ही बघतो, सर्टिफिकेट घरपोच" असं सांगणारे दलाल आपल्या तालुक्यांत फिरतात आणि लांबच्या राज्यातल्या कॉलेजचं नाव देतात. डी. फार्म. पूर्णवेळ हजेरीनंच होतं. कौन्सिल त्या मंडळाकडून पडताळणी मागवतं, आणि पैसे गेल्यावर वर पोलिसांत नाव जातं.

देगलूर-उदगीरकडच्या बऱ्याच मुली बीदरला किंवा हैदराबादला शिकतात, त्यात काही गैर नाही. फक्त कायद्यातली 'नोंदणीकृत फार्मासिस्ट'ची व्याख्या त्यांनी नीट वाचावी. ज्या राज्यात तू राहतेस किंवा धंदा करतेस, त्या राज्याच्या रजिस्टरवर तुझं नाव असलं तरच तू फार्मासिस्ट. कर्नाटकात नोंद आहे आणि मुखेडला दुकान, असं चालत नाही. तिथून ना-हरकत आणि पडताळणी घेऊन नाव इकडं आणावं लागतं. तुझं शिक्षण नांदेडलाच झालंय, म्हणून हा भाग सोडते.

नणंदेचं मात्र वेगळं आहे. तिला नुसता डिप्लोमा पुरणार नाही. २०२२ च्या नियमांनी डी. फार्म.नंतर एक्झिट परीक्षा आली, म्हणजे रजिस्ट्रेशनआधी द्यायची परीक्षा. पहिली २०२४ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळानं (एनबीईएमएस) घेतली. तीन पेपर, वस्तुनिष्ठ प्रश्न, सगळे इंग्रजीत. प्रत्येक पेपरात वेगळे ५० टक्के हवेत, आणि तिन्ही एकाच खेपेला सुटले पाहिजेत. दोन सुटले म्हणून पुढच्या वेळी फक्त तिसरा, असं नाही. किती वेळा बसावं याला मर्यादा नाही, एवढीच सवलत. आपल्याकडच्या मुलींचा अडतो तो तिसरा पेपर, कायदा आणि औषध दुकानाचं व्यवस्थापन, कारण तो विषय कॉलेजात "शेवटच्या आठवड्यात बघू" असा असतो. तिला आत्तापासून तोच वाचायला लाव. तू त्या नियमांआधी पास झालीस, तुला ही भानगड नाही.

आता मूळ प्रश्न. नुसतं नाव लावलं तर काय होतंय.

२००३ ची गोष्ट. थंडीचे दिवस. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि मला ज्या घरात दिलं त्या घराचं तालुक्याच्या गावात मेडिकल होतं. मुलगी बघायला आले तेव्हाच पहिला प्रश्न होता, "डी. फार्म. झालंय ना, रजिस्ट्रेशन आहे ना?" मला वाटलं, किती पुढारलेली माणसं. आजही स्थळांच्या जाहिरातीत 'डी. फार्म. / बी. फार्म. मुलगी हवी' दिसलं की मी ओळखते, त्या घराचा फार्मासिस्ट सोडून चाललाय. माझं सर्टिफिकेट लाकडी चौकटीत दुकानात, मी घरात चुलीपुढं. दीर दुकान बघायचे, माणूस चांगला, गिऱ्हाइकाला फसवणारा नव्हे.

त्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. दुकानातला पोरगा पळत आला, "वैनी, चला लवकर, साहेब आलेत!" मी हात धुतले, पण घाईत ज्वारीचं पीठ नखांत आणि मनगटाला तसंच. दुकान घरापासून दोन गल्ल्या. इन्स्पेक्टर साहेब काउंटरच्या बाहेर उभे होते, आवाज चढवला नाही, उलट "बसा ताई" म्हणाले. मला बसायला खुर्ची सापडेना, कारण त्या दुकानात माझी खुर्चीच नव्हती. त्यांनी एक चिठ्ठी पुढं केली, वाचा म्हणाले. मी वाचली. मग म्हणाले, हे औषध कुठल्या खणात आहे? मला सांगता आलं नाही. दीर मागून डोळ्यांनी खुणावत होते आणि ते साहेबांना दिसत होतं.

मग त्यांनी बिलबुक उघडलं. चिठ्ठीवरच्या औषधाच्या बिलावर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि फार्मासिस्टची सही लागते. महिन्याभराच्या प्रत्येक बिलावर माझी सही होती, इंग्रजीत, वळणदार. "ही सही तुमचीच का?" मी आयुष्यात इंग्रजीत सही केलेली नाही, बँकेतही मराठीतच करते. मी म्हणाले, "हो, माझीच."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं आणि कोरा कागद पुढं केला. "करा बरं एकदा."

दुकानाला कारणे दाखवा नोटीस आली, खुलासा दिला, आणि दहा दिवस परवाना निलंबित झाला. घरात कुणी मला दोष दिला नाही, पण कुणी माझी माफीही मागितली नाही. मला रात्री झोप लागायची नाही ती दहा दिवसांच्या धंद्यामुळं नाही. त्या महिन्याभराच्या बिलांत एखादं औषध चुकीचं गेलं असतं, तर सही माझी होती. मी 'हो' म्हणाले होते.

अकराव्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा मी आत जाऊन बसले. खुर्ची घरून नेली.

कायद्यात बघ. फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी द्यायचं नाही. दिलं तर तो शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणजे तुझ्या नवऱ्यानं तू घरी असताना एक पट्टी जरी चिठ्ठीवर दिली, तरी गुन्हा त्याचा होतो. १९४५ च्या नियमांतला ६५ वा नियम म्हणतो, विक्री फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. ते नाही म्हणून ६६ व्या नियमाखाली परवाना निलंबित किंवा रद्द होतो. आणि फार्मसी कायद्याच्या कलम ३६ खाली कौन्सिल तुझं नाव रजिस्टरवरून काढू शकतं. दुकान बंद पडलं तर सासरे दुसरा धंदा टाकतील, तुझं नाव गेलं तर तुझ्याकडं दुसरं काय आहे? "सगळेच करतात" हे उत्तर २०१२-१३ पर्यंत चालायचं. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर आहे की नाही याची राज्यभर तपासणी झाली, केमिस्टांचे मोर्चे-बंद झाले, कितीतरी दुकानांचे परवाने गेले. तेव्हापासून मराठवाड्यातल्या दुकानांत सुना दिसायला लागल्या. हे मी हसत लिहितेय, पण खरं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. नाव लावायचं असेल तर मालकच तू हो. परवान्याचा अर्ज प्रोप्रायटर म्हणून तुझ्या नावानं कर, किंवा नवऱ्याबरोबर भागीदारीचा करार करून, हिस्सा लिहून. पहिल्याच दिवशी ठरव, कारण पुढं मालकी बदलली की परवाना नव्यानं काढावा लागतो. गाळा निदान १० चौरस मीटरचा हवा. सासऱ्यांना म्हणावं फूटपट्टीनं मोजा, भाडेकरारावरच्या आकड्यावर जाऊ नका. फ्रीज, त्याचं बिल, गाळ्याचा नकाशा, भाडेकरार, तुझं नेमणूकपत्र आणि संमतीपत्र, हे लागतं. आणि वेळ ठरव. सकाळी आठ ते रात्री दहा एक माणूस बसू शकत नाही, दोन पोरं असलेली बाई तर नाहीच. तू नसलीस की चिठ्ठीवरची विक्री बंद, असा नियम घरात आधी मान्य करून घे. दुपारी दोन तास शटर खाली ओढलं तरी चालतं. आमच्या गल्लीत दोन मेडिकल तसंच करतात आणि गिऱ्हाईक त्यांच्या वेळा पाठ करून येतं. धंदा वाढला तर दुसरा फार्मासिस्ट ठेवा.

बसायला लागलीस की काय सांभाळायचं, ते सगळं इथं लिहित नाही, तो वेगळा विषय. तीन गोष्टी मात्र आपल्या भागासाठी सांगते. शेड्यूल एच वनचं, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीचं रजिस्टर, १ मार्च २०१४ पासून लागू. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं. त्यात टीबीची औषधं येतात, सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स येतात आणि अल्प्राझोलाम-नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या येतात. संभाजीनगरकडं ज्याला 'बटन' म्हणतात ते हेच. जुन्या मळक्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन पोरं येतील, "आजीसाठी" म्हणून. आजीला दुकानात घेऊन या म्हणायचं. टीबीच्या पेशंटची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणं २०१८ पासून औषध दुकानदारांवरही बंधनकारक आहे. आणि गर्भपाताचं किट. बीड जिल्ह्यातलं परळीचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण २०१२ ला उघडकीला आलं, तेव्हापासून आपल्या पट्ट्यात या किटच्या एकेका नगाचा हिशोब बघतात. खरेदीची पाच आणि विक्रीची बिलं तीन असतील, तर उरलेली दोन खणात दिसली पाहिजेत.

चिठ्ठीवर एका कंपनीचं लिहिलंय आणि आपल्याकडं दुसऱ्या कंपनीचं तेच औषध आहे, तर शेड्यूल एच आणि एक्सच्या, म्हणजे फक्त चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत आपल्या मनानं बदलून द्यायचं नाही. ते ६५ व्या नियमातच आहे. डॉक्टरला फोन लाव, विचार, चिठ्ठीवर लिहून ठेव. गावातला डॉक्टर पहिल्या वेळी चिडेल, पाचव्या वेळी स्वतः फोन करून विचारेल तुझ्याकडं काय आहे.

पांढरा ॲप्रन आणि त्यावर नाव व रजिस्ट्रेशन नंबरची पट्टी, हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी सांगितलंय. सासरी ॲप्रनची लाज वाटते असं बऱ्याच मुली सांगतात. मला उलटं वाटलं. ॲप्रन घातल्यावर सासूबाईंनी मला दुकानात "चहा टाक" म्हणणं बंद केलं.

आता रजिस्ट्रेशन टिकवण्याचं. यात बुडणारे लोक गुन्ह्यानं कमी बुडतात, विसरण्यानं जास्त. कायद्याच्या कलम ३४ प्रमाणं नाव रजिस्टरवर ठेवायची फी १ एप्रिलच्या आत भरायची असते. भरली नाही तर नाव निघतं. फी आणि अटी पूर्ण करून ते परत लावता येतं, पण मधल्या काळात तू फार्मासिस्ट नाहीस. दुकानात बसून दिलेलं प्रत्येक औषध तेव्हा विनानोंदणी. सर्टिफिकेट हातात आलं की वैधता कधीपर्यंत आहे ती तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाक, तीन महिने आधीची. मोबाइल नंबर बदलला, पत्ता बदलला, कौन्सिलला कळव. सेनगावच्या पत्त्यावर येणारं पत्र माहेरी नांदेडला जाऊन पडलं तर ते कुणाच्या कपाटात राहील हे तुलाही माहीत आहे.

त्याच २०१५ च्या नियमांप्रमाणं नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निदान दोन उजळणी शिबिरं करायची, प्रत्येक एका दिवसाचं. जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजात होतात. माझ्या अनुभवात अर्धा दिवस सत्कारात जातो, पण दुपारनंतर एखादा मास्तर औषधांच्या आपसातल्या परिणामांवर असं काही सांगून जातो, की घरी येऊन दोन गिऱ्हाइकांना फोन करावा लागतो. प्रमाणपत्र लगेच मागून घ्यायचं, "पोस्टानं पाठवू" वर विश्वास ठेवायचा नाही.

आता तू बी. फार्म.ला जाणार त्याबद्दल. डी. फार्म.वरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षं. ती तीन वर्षं रोज कॉलेज. त्या काळात दुकानावर तुझं नाव राहू शकत नाही. एकाच वेळी नांदेडला वर्गात हजेरी आणि सेनगावला काउंटरवर, हे दोन कागद एकत्र ठेवले की कुणालाही दिसतं. पण रजिस्ट्रेशन मात्र चालू ठेवायचं, फी भरत राहायची. नाव दुकानावरून काढायचं, रजिस्टरवर ठेवायचं. बी. फार्म. झालं की वाढीव शैक्षणिक पात्रता म्हणून त्याच नोंदीत ती चढवता येते.

आणि दुकानावरून नाव काढायची रीत शिकून घे, कारण मी ती न शिकल्याची किंमत मोजलेली आहे. मी स्वतःचं दुकान टाकायला निघाले तेव्हा आधीच्या एका दुकानाची नोकरी सोडून आठ महिने झाले होते. सर्टिफिकेट घेऊन आले होते, मला वाटलं झालं. माझा अर्ज परत आला: आपले नाव अमुक दुकानावर कार्यरत दिसते. त्या मालकानं माझ्या जुन्या झेरॉक्सवर दुकान तसंच चालू ठेवलं होतं. राजीनामा मी तोंडी दिला होता, पुरावा काही नाही. चार महिने गाळ्याचं भाडं भरत हेलपाटे घातले.

तर राजीनामा लेखी द्यायचा, दोन प्रती. एकीवर मालकाची पोहोच, तारखेसह. तो देत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठव आणि पावती जप. त्याच दिवशी एफडीएला ऑनलाइन कळव, आणि जिल्हा कार्यालयात एक प्रत देऊन आवक शिक्का मारून घे. फार्मासिस्ट बदलल्याचं महिन्याच्या आत कळवायची जबाबदारी दुकानाचीही असते, पण तू त्यांच्या भरवशावर राहू नकोस. तुझं नाव निघालंय याची खात्री झाल्याशिवाय वर्गात जाऊन बसू नकोस. हे नवऱ्याच्या दुकानालाही लागू आहे. घरातलंच आहे म्हणून कागद नको, असं करू नकोस. माझे दीर चांगले होते हे मी वर लिहिलंय.

सासरे म्हणतील, मग तीन वर्षं दुकान कुणाच्या नावावर चालायचं? पगारी फार्मासिस्ट ठेवा. नाहीतर नणंदेची एक्झिट परीक्षा सुटून तिचं रजिस्ट्रेशन झालं, आणि तिला खरंच बसायचं असलं, तर ती. तिला विचारायला मात्र हवं. तुला कुणी विचारलं होतं का ते तू लिहिलं नाहीस.

शेवटचं, तू लॅमिनेशनचं विचारलंस. मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट करू नकोस, पुढं त्यावर नोंद किंवा शिक्का मारायचा झाला तर अडतं. काचेच्या चौकटीत लाव, पश्चिमेच्या उन्हाला नको. माझं पहिलं असंच पिवळं पडलं होतं. हरवलं तर दुय्यम प्रत मिळते, पण पोलिसात नोंद, प्रतिज्ञापत्र, फी, असा सगळा व्याप आहे. कुणाला झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिही, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला, आणि खाली सही कर. मराठीत.